विश्लेषण : जॅझ ट्रम्पेटचे प्रत्यक्ष वादन कुठे गेले? ‘ताज’पासून राळेगावच्या वरातीपर्यंत…

दरवर्षी ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन साजरा होतो. ‘युनेस्को’ने २०११ मध्ये त्याची घोषणा केली आणि २०१२ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे हे दिवस ऐन लग्नसराईचे. राळेगावच्या रस्त्यावरून बँडसह वरात निघते तेव्हा पुढच्या रांगेत जे चकचकीत पितळी वाद्य वाजते, तेच जॅझचे सर्वात मानाचे वाद्य : ट्रम्पेट. मुंबईत एके काळी या वाद्यावर अनेक घरांच्या चुली पेटत. आज ते समोर बसून ऐकायला मिळणे दुर्मीळ झाले आहे. असे का झाले, जुने वादन कुठे सापडते, नवे कुठे ऐकता येते आणि तालुक्याच्या बँडशी त्याचे काय नाते, याचा हा आढावा.

राळेगावच्या कानाला ट्रम्पेट अनोळखी का नाही?

ब्रिटिश पलटणींबरोबर पितळी वाद्ये भारतभर पसरली. नागपूरजवळची कामठी ही १८२१ पासूनची छावणी. पलटणीच्या बँडचे अनुकरण आधी संस्थानिकांनी केले, मग ते लग्नाच्या मांडवापर्यंत आले. सनई-चौघड्याच्या शेजारी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम आणि साइड ड्रम उभे राहिले. देशभरातल्या बँडवाल्यांची वाद्ये प्रामुख्याने उत्तर प्रदेशातील मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात. म्हणजे विदर्भातल्या वरातीत वाजणारा ट्रम्पेट घडतो आपल्याच देशात आणि वाजवतात आपलीच माणसे.

जॅझचा जन्मही अशाच रस्त्यावरच्या बँडमधून झाला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांचे बँड मिरवणुकीत वाजत तसे अंत्ययात्रेतही वाजत. दफनाला जाताना संथ धून, परतताना नाचरी. लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) हा जॅझचा सर्वात मोठा ट्रम्पेटवादक याच शहरातला. लहानपणी सुधारगृहात असताना तिथल्या मुलांच्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचे आखूड भावंड, शिकला. ज्यांच्या वादनावाचून समारंभ पार पडत नाही आणि तरीही ज्यांना पंगतीत मानाचे पान मिळत नाही, अशांच्या हातून हे संगीत घडले. महाराष्ट्रात वाजंत्रीचे काम परंपरेने ज्या समाजांकडे आले, त्यांत मातंग समाज ठळक आहे. त्यामुळे हे साम्य नुसते वाद्याचे नाही.

जॅझमध्ये ट्रम्पेट नेमके काय करतो?

ट्रम्पेट म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची, गुंडाळून ठेवलेली पितळी नळी. तिला तीन कळा असतात. कळ दाबली की हवेचा मार्ग लांबतो आणि सूर उतरतो. पण तीन कळांच्या सगळ्या जुळण्या मोजल्या तरी नळीच्या लांबी सातच मिळतात. बाकीचे सगळे सूर वादकाला ओठांच्या ताणातून आणि श्वासातून काढावे लागतात. हार्मोनियम महिनाभर झाकून ठेवला तरी पट्टी दाबताच सूर देतो. ट्रम्पेट देत नाही. काही दिवस रियाज सुटला की ओठ उतरतात, वरचे सूर निसटतात. पुढची सगळी हकिगत समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे वाद्य रोज वाजावे लागते आणि रोज वाजायचे तर रोजचे काम लागते.

जॅझमध्ये आधी मूळ चाल वाजते. मग तिच्याखालची स्वरसंगती कायम ठेवून एकेक वादक त्या क्षणी सुचेल तशी नवी चाल बांधतो. बारा किंवा बत्तीस मात्रा-खंडांचे आवर्तन फिरत राहते. आपल्याकडे ख्यालात ठेका चालू असताना गायक तान घेऊन समेवर येतो, तसेच काहीसे. दोन वाद्ये एकमेकांना उत्तरे देतात तेव्हा कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवावेत. ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी वाटी धरून वादक त्याला माणसासारखे बोलायला लावतो. हे सगळे त्या रात्रीपुरते असते. दुसऱ्या रात्री तीच चाल वेगळी निघते. म्हणून जॅझमध्ये प्रत्यक्ष वादनाला ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक महत्त्व आहे.

हा आवाज मुंबईत कधी आला?

१९३० च्या दशकात. व्हायोलिनवादक लिऑन ॲबी याने १९३५ च्या सुमारास आपला आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. पुढच्या हंगामात त्याच्याबरोबर बिल कोलमन हा नावाजलेला ट्रम्पेटवादक होता. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ या ज्येष्ठ कॉर्नेटवादकाचा वाद्यवृंद ‘ताज’मध्ये वाजू लागला. त्याने मुंबईत ध्वनिमुद्रित केलेली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही रचना मेना सायलस यांची. हेच शीर्षक घेऊन पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास पुस्तकरूपात मांडला आहे.

अमेरिकेत वर्णभेदाचे कायदे होते, युरोपवर युद्धाचे ढग जमत होते. या कलावंतांना मुंबईत बरे वेतन मिळत होते आणि मानही. पियानोवादक टेडी वेदरफोर्डही त्यांच्यातलाच. त्यांच्या शेजारी बसून स्थानिक वादक नोटेशनच्या पलीकडचे, म्हणजे कागदावर न लिहिलेले संगीत शिकले.

स्थानिकांत गोव्याचेच वादक पुढे का आले?

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. व्हायोलिन हातात घेण्याआधी सूर वाचता येणे आवश्यक असे. गोव्यात रोजगार नव्हता आणि मुंबईत वाचून वाजवणाऱ्यांची गरज होती. धोबीतलाव परिसरातील गावागावांच्या ‘कूड’ म्हणजे सामाईक खोल्यांत मुक्काम करून हे तरुण हॉटेलांत काम शोधत.

त्यांत सर्वात गाजलेले नाव चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६ मध्ये बार्देशातील हळदोणे गावचा. वादन आणि आवाज दोन्हींत आर्मस्ट्राँगची छाप असल्याने त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड (१९१९-२००७) हेही ट्रम्पेटवादक. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे ख्रिस पेरी (१९२८-२००२) यांनी लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजात कोकणी गाण्यांना जॅझचा बाज दिला. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ हा त्या काळच्या जॅझचा अड्डा होता. ‘ताज’मध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून दोन दशके वाजत राहिला. या काळातल्या गोमंतकीय कलावंतांवरचा ‘नाचुया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारविजेता ठरला.

हॉटेलातले वादक चित्रपटात कसे गेले?

स्वातंत्र्यानंतर हॉटेलांचा गोरा ग्राहक गेला, संस्थानिकांचा आश्रय संपला. त्यातच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या नृत्यगृहांची कमाई आटली. त्याच वेळी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते आणि त्यांना नोटेशन वाचणारे हात हवे होते. हॉटेलात रात्री वाजवणारे दिवसा स्टुडिओत दिसू लागले.

या वळणावर एक मराठी नाव महत्त्वाचे आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’तील (१९५१) नाचरी गाणी या जोडीने घडवली. संगीतकार चाल देई आणि तिची वाद्यरचना अरेंजर लिहून काढी. त्यात ॲंथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे गोमंतकीय आघाडीवर होते. श्रेयनामावलीत मात्र वादकांची नावे क्वचितच येत. संगीतकार प्यारेलाल हे ॲंथनी गोन्साल्विस यांचे शिष्य, आणि प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेटवादक व अनेकांचे गुरू होते, हे आजही थोड्यांनाच ठाऊक असते.

‘अलबेला’त दिसते ते प्रत्यक्ष वादन मानायचे का?

‘अलबेला’च्या पडद्यावर चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद दिसतो. पण ते दृश्य आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर चित्रित झालेले. म्हणजे दिसते तो अभिनय. ऐकू येते ते मात्र जवळपास प्रत्यक्ष वादनच आहे. त्या काळी वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. गायक, ट्रम्पेट, व्हायोलिन, ढोलक सगळे एकाच दालनात, एकाच वेळी वाजत. कुणाचा एक सूर चुकला तरी गाणे पहिल्यापासून पुन्हा. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले. त्यांच्या हॉटेलातल्या रात्री हवेत विरल्या, पण स्टुडिओतले ते श्वास तबकडीवर उरले. शोध घेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

परदेशी दिग्गज आपल्याकडे आले ते कसे?

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून पाठवायला सुरुवात केली. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी (१९१७-१९९३) आपला ट्रम्पेट घेऊन कराची आणि ढाक्यापर्यंत आला. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेक भारतात आले. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद आला. त्यात कूटी विल्यम्स आणि कॅट अँडरसन हे ट्रम्पेटवादक होते. १९६४ मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेला. जगाला लोकशाहीचे गोडवे ऐकवायला पाठवलेल्या या कृष्णवर्णीय कलावंतांना स्वदेशात समान नागरी हक्कांसाठी झगडावे लागत होते, हा विरोधाभास तेव्हाही लपला नव्हता.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या खुल्या रंगभवनात मुंबईकरांनी जगभरचे वादक ऐकले. पुढे रुग्णालये आणि महाविद्यालयाच्या सान्निध्यामुळे हा भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब २००७ ते २०१६ एवढाच चालला.

मग ट्रम्पेटचा आवाज कमी का झाला?

‘जॅझ आपल्या मातीतला नव्हता, म्हणून टिकला नाही,’ असे उत्तर सहज दिले जाते. ते पुरेसे नाही. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. तोडी, मालकंस, भैरवी अशा अकरा रागांवरच्या या रचनांत रईस खान यांची सतार आहे आणि जॉन परेरा यांचा ट्रम्पेट. ट्रम्पेट रागात रमू शकतो, हे तिथे स्पष्ट ऐकू येते. अडचण मातीची नव्हती, मजुरीची होती.

आपल्याकडे ट्रम्पेट टिकला तो जिथे जिथे रोजचे काम होते तिथे. आधी हॉटेल, मग स्टुडिओ. १९७० च्या दशकात हॉटेलांत डिस्को आला आणि वाद्यवृंदाच्या जागी तबकड्या फिरू लागल्या. १९८०-९० च्या दशकांत सिंथेसायझर आला. चौघा ट्रम्पेटवाल्यांचा आवाज एका की-बोर्डवाल्याच्या बोटाखाली आला आणि स्टुडिओतली बोलावणी थांबली. काम थांबले की रियाज थांबतो, रियाज थांबला की शिष्य येत नाहीत. महोत्सवांनी या वाद्याचा गौरव केला, पण वर्षातल्या दोन-चार रात्रींनी ओठ तयार राहत नाहीत.

विदर्भातल्या वरातीत आता हाच अंक सुरू आहे. पितळी बँडच्या जागी आधी की-बोर्डवरचे संदल-धुमाल आले, मग डीजे. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे ओठांनी वाजणारे वाद्य टिकत नाही. यजमानाला डीजे झगमगीत वाटतो, बँडवाल्याच्या घरी मात्र हंगाम कोरडा जातो. मुंबईच्या हॉटेलांत डिस्कोने जे केले, तेच तालुक्याच्या रस्त्यावर होत आहे.

आज प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’मध्ये जॅझचे कार्यक्रम आणि महोत्सव होतात. जॅझ दिनाच्या आसपास शोध घेतल्यास हाती काही लागण्याची शक्यता अधिक. पियानोवादक लुई बँक्स यांनी मुंबईत जॅझची ही ज्योत दीर्घकाळ तेवत ठेवली. त्यांचे वडील जॉर्ज बँक्स कोलकात्याचे ट्रम्पेटवादक होते. गोव्यात कोकणी ‘तियात्र’ पाहायला जावे. तिथे रंगमंचापुढे अजूनही प्रत्यक्ष वाद्यवृंद बसतो आणि त्यात ट्रम्पेट असतो. ट्रम्पेटला रोजगार देणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक.

तिसरी जागा जुन्या हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदांची. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले ट्रम्पेटवादक किशोर सोढा अशाच कार्यक्रमांतून रसिकांपुढे आले. एके काळी श्रेयनामावलीतही नसलेला वादक प्रकाशझोतात उभा राहतो आणि लोक त्याला नावाने दाद देतात, हा बदल चांगला आहे. राळेगावकरांना नागपूर जवळ. तिथे असा कार्यक्रम लागला तर तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा : वाद्ये प्रत्यक्ष वाजणार आहेत, की मागे ट्रॅक चालणार आहे? जॅझ दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, जिल्हा मुख्यालयी महाराष्ट्र दिनाचे संचलन असते. तिथल्या पोलीस बँडकडेही जरा कान देऊन पाहावे.

जुनी प्रत्यक्ष वादने घरबसल्या कशी शोधावीत?

मोबाइलवर नुसते ‘जॅझ ट्रम्पेट’ शोधले तर झोपेसाठीचे तासन्‌तास चालणारे पार्श्वसंगीत समोर येते. त्यात बऱ्याचदा वादकाचे नावही नसते. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात : वादकाचे नाव, ठिकाण आणि तारीख. तिन्ही दिल्या असतील तर ते बहुधा खरे मैफिलीतले वादन. त्यानंतर ट्रम्पेटच्या साथीला कोण आहे, तेही वाचावे.

सुरुवातीला तीन नोंदी पुरेशा आहेत. पहिली, १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवावरचा ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ हा माहितीपट. त्यात आर्मस्ट्राँग वाजवताना, हसताना, घाम पुसताना दिसतो. दुसरी, टोरांटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ ची मैफल. गिलेस्पीचा ट्रम्पेट आणि चार्ली पार्करचा सॅक्सोफोन. त्याच रात्री मुष्टियुद्धाची मोठी लढत असल्याने सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ही मैफल अजरामर झाली. तिसरी, डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या ‘प्लग्ड निकेल’ क्लबमधले माइल्स डेव्हिस (१९२६-१९९१) यांचे वादन. तिथे एकच रचना वेगवेगळ्या वेळी वाजवलेली ऐकायला मिळते. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या की प्रत्यक्ष वादन म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आजच्यांपैकी विंटन मार्सालिस यांच्यापासून सुरुवात करता येईल. १९९७ मध्ये पुलित्झर मिळवणारी त्यांची रचना ही हा सन्मान मिळालेली पहिली जॅझरचना. न्यूयॉर्कचा ‘स्मॉल्स’ हा छोटा क्लब आपल्या मैफिली इंटरनेटवर थेट दाखवतो. तिथली रात्र म्हणजे आपली पहाट-सकाळ. शेतावर जायला लवकर उठणाऱ्या माणसाला ही वेळ सोयीचीच.

राळेगावने यातून काय घ्यावे?

जॅझचा महोत्सव इथे भरावा, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण ट्रम्पेट तोंडाला लावून, चालत, उन्हात तासन्‌तास वाजवणारे वादक तालुक्यात आहेत. चिक चॉकलेट किंवा जॉन परेरा यांना जे मिळाले आणि यांना मिळाले नाही, ते म्हणजे सूर वाचायचे शिक्षण आणि वर्षभराचे काम. शाळेत पितळी बँड सुरू झाला आणि शिकवायला गावातल्याच वादकाला मानधनावर बोलावले, तर दोन्ही गरजा थोड्या तरी भागतील. लग्नघरांनीही विचार करावा. रात्रभराचा डीजे ठरवताना निदान नवरदेव मांडवात येईपर्यंतचा अर्धा तास बँडसाठी राखून ठेवला, तर पाच-दहा घरांचा हंगाम जातो.

मुंबईत ट्रम्पेट गप्प झाला तेव्हा कुणी बंदी घातली नव्हती. बोलावणे येणे बंद झाले, एवढेच. राळेगावात ते बोलावणे अजून पूर्ण थांबलेले नाही. पुढच्या वरातीत बँड दिसला तर ट्रम्पेटवाल्याला त्याचे नाव जरूर विचारावे.